पहिल्या इमारतीचा ठोकळा

१. रिकामी जागा

सफाईच्या बाई हॉलच्या दारातून ओरडल्या, "अहो ताई, एक नंबरची इमारत गेली!" आणि मी हातातली कात्री तशीच घेऊन धावले.

गेली होती ती खरी इमारत नव्हे. ती बिचारी दोन रस्ते पलीकडे, गच्चीवर कपडे वाळत घालून आपल्या जागी उभी होती. गेला होता तिचा लाकडी ठोकळा.

हे जरा नीट सांगायला हवं. आमचं गृहनिर्माण मंडळ सरकारी आहे. ज्यांना बाजारात घर घेणं झेपत नाही त्यांच्यासाठी आम्ही घरं बांधतो आणि वर्षातून एकदा, प्रगती दिनाला, लोकांना बोलावून सांगतो की यंदा एवढी झाली. वार्षिक अहवाल मी लिहिते. तो कुणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे आणि वाचणाऱ्यांनाही. लोक बघायला येतात ते हॉलमधलं टेबल. एखाद्या खोलीएवढं ते टेबल, हिरवं रंगवलेलं, आणि त्यावर आम्ही बांधलेल्या प्रत्येक इमारतीचा ठोकळा. इमारत पुरी झाली की तिच्या दारांच्या चौकटींतून उरलेल्या लाकडाचा ठोकळा करायचा आणि तिथे राहायला आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या हातून टेबलावर ठेवायचा, ही मंडळाची पहिल्या वर्षापासूनची रीत. आमची खरी प्रगती तीच, बाकी सगळी भाषणं.

टेबलाच्या अगदी मधोमध इमारत क्रमांक एक असायची. तिथे आता हिरवळ होती.

मी तिथे बघत उभी राहिले आणि मला चक्क रडू आलं. एक नंबरमध्ये मी वाढले आहे. नळावरच्या बादल्यांचा आवाज, दुसऱ्या मजल्यावरचा एकुलता एक रेडिओ, आणि त्यावर गाणं लागलं की जिन्यात बसून ऐकणारी आम्ही सगळी मुलं. घर मिळालं त्या दिवशी वडील नुसते दार उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. आई म्हणाली, "पुरे आता, बिजागऱ्या झिजतील." त्याआधी आम्हाला दारच नव्हतं, पडदा होता.

एव्हाना हॉलमध्ये गर्दी जमली होती. मोठे साहेब आले, टेबलाच्या मधोमध बघत उभे राहिले. नवा इंजिनिअर म्हणाला, "हॉल बंद होता. पुढच्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे असते."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दारात पहारेकरी उभा होता. मी त्याला दादा म्हणते. एकाच जिन्यात वाढलो आम्ही. त्याचे वडील मंडळाचे पहिले पहारेकरी, त्यांच्यामागे हा.

"मी नाही घेतला," दादा म्हणाला.

"मग कुणी घेतला?" इंजिनिअरनं विचारलं.

हॉलला दुसरं दार आहे, पण ते साहेबांच्या खोलीत उघडतं, कडी त्यांच्या बाजूनं, आणि त्याला टेकून फायलींचं लोखंडी कपाट उभं आहे. ते दार उघडलेलं मी नोकरीत लागल्यापासून पाहिलेलं नाही. मग राहिला कोण?

साहेबांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला. मग हात पुढे केला. "किल्ली माझ्याकडे द्या. संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत ठोकळा मिळाला नाही, तर मला तुम्हाला कामावरून काढावं लागेल."

दादाचं काम जाणार म्हणजे दादाचं घर जाणार. एक नंबरच्या तळमजल्यावरची खोली त्याला पहाऱ्याच्या कामाबरोबर मिळालेली आहे, आणि त्या खोलीत खाटेवर त्याची म्हातारी आई आहे. ज्या मंडळानं सगळ्यांना घरं दिली, ते मंडळ याचं काढून घेणार होतं.

दादानं किल्ली काढली. साहेबांनी ती एका हातानं घेतली आणि खिशात टाकली.

२. किल्लीबाई

अकराच्या सुमाराला किल्लीबाई आल्या. त्यांचं खरं नाव मंडळात बहुतेक कुणाला आठवत नाही. त्या घरवाटप अधिकारी होत्या, आणि निवृत्त होईपर्यंत आमच्या प्रत्येक घराची किल्ली त्यांच्या हातून गेली. दोन्ही हातांनी द्यायच्या. "एका हातानं देतात ती भीक," असं म्हणायच्या. दर प्रगती दिनाला सकाळपासून येऊन सगळ्यांच्या कामात नाक खुपसतात. एरवी मी वैतागते. त्या दिवशी मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"बारके, रडतेस काय?" त्या म्हणाल्या. मला एक नंबरमध्ये बारकी म्हणायचे. आता मी चांगली जाडजूड झाले आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी चहा. मग टेबल."

साहेबांनी हॉलमध्ये जायला परवानगी दिली, पण खुशीनं नाही. "बाई, उगाच गाजावाजा नको. पाहुणे यायचेत."

"मी कुठे गाजावाजा करते? मी म्हातारी बाई, खेळणी बघायला आले," किल्लीबाई म्हणाल्या.

त्या टेबलाभोवती हळूहळू फिरल्या. कडेला कालव्याजवळ एका मोकळ्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. "इथे पूर्वी पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या होत्या. आठवतात?"

"नावापुरत्या," मी म्हणाले. "मी फार लहान होते."

"हं." मग त्यांनी मधोमध बोट दाखवलं. "तिथपर्यंत तुझा हात पोचतो का बघ."

मी टेबलावर ओणवी झाले, पोट दाबून घेतलं, चवड्यांवर उभी राहिले. तीन नंबरचा ठोकळा पाडला, एक नंबरची जागा तरी लांबच राहिली.

"म्हणजे चोर टेबलावर चढला असणार," मी म्हणाले.

"चढला असता तर तू आत्ता एका जागी जे केलंस ते त्यानं दहा जागी केलं असतं. सकाळी बाकीचे ठोकळे जागच्या जागी होते ना?"

होते. तीन नंबर मी पाडेपर्यंत सगळं शहर जागच्या जागी होतं.

"आता खाली जा," किल्लीबाई म्हणाल्या.

"खाली कुठे?"

"टेबलाखाली. माझे गुडघे गेलेत, तुझे आहेत."

३. टेबलाखाली

सरकारी नोकरीत मी बरंच काही केलं आहे, पण प्रगती दिनाच्या ठेवणीतल्या कपड्यांत टेबलाखाली रांगण्याची वेळ पहिलीच. खाली अंधार होता. किल्लीबाईंनी त्यांच्या पिशवीतली बॅटरी दिली.

मधोमध, एक नंबरच्या जागेला लागून, टेबलाच्या फळीला एक झडप होती. ती ढकलून मी डोकं वर काढलं आणि थेट शहराच्या मध्यात उगवले. आजूबाजूला माझ्या नाकाएवढ्या इमारती.

"शोभतेस," किल्लीबाई म्हणाल्या. "सुतारानं टेबल केलं तेव्हाच झडप ठेवली होती. मधले ठोकळे पुसायचे कसे, मग? आता मला सांग, एक नंबरच्या जागी भोक आहे का?"

प्रत्येक ठोकळ्याच्या तळाला खुंटी असते आणि ती टेबलाच्या भोकात बसते. ठोकळा काढला तर भोक दिसलं पाहिजे. मी हात फिरवला. भोक नव्हतं. बोटाला गोल, गुळगुळीत कड लागली. कुणीतरी भोकात लाकडी बूच मारून, ते सपाट घासून, वर हिरवा रंग दिला होता. रंगाला अजून वास होता.

"बूच आहे," मी म्हणाले. "ताजं. आणि खाली लाकडाचा भुसा पडलाय."

किल्लीबाई खुर्चीत बसल्या. मी शहराच्या मधोमध मुंडकं काढून वाट बघत होते.

"बारके," शेवटी त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी चोर शिरला आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेला, तर जाताना खिळ्याचं भोक बुजवून रंग देईल का?"

"कशाला देईल?"

"तेच म्हणते मी. हे चोराचं काम नाही. कुणीतरी आपलं काम समजून, नीट, जीव लावून केलंय. आणि तेच मला आवडलेलं नाही."

मी आणखी विचारणार, तोच त्यांनी विषय बदलला. "ठोकळा शेवटचा कुणी पाहिला ते शोधू. तो इंजिनिअर कुठाय?"

४. इंजिनिअरचे फोटो

नव्या इंजिनिअरवर माझा आधीपासून राग होता. आल्या दिवसापासून त्याचं एकच टुमणं: हा लाकडी पसारा उचलून टाका आणि मोठा पडदा लावा, बटण दाबलं की सगळी घरं दिसतील. त्यानंच ठोकळा पळवला असेल तर मला मनातून फार समाधान झालं असतं.

तो आपल्या जागेवर बसून डबा खात होता. किल्लीबाई समोर बसल्या.

"टेबलाचं तुमचं काय वैर आहे हो?"

"वैर नाही, मॅडम. पण धूळ बसते, ठोकळे पडतात, दरवर्षी टेबल वाढवायचं म्हणजे..." तो माझ्याकडे बघून थांबला. "ठोकळा मी नाही घेतला. काल सकाळी पडद्याचं माप घ्यायला हॉलमध्ये गेलो होतो, पहारेकरी बरोबर होते. हे बघा, फोटो काढलेत."

फोनमधल्या फोटोत टेबलावर सगळं होतं. मधोमध एक नंबरही, काळपट लाकडाचा, कोपरे झिजलेला. बघून मला पुन्हा गलबलून आलं.

"मग तुम्ही दोघं बाहेर आलात, कुलूप लागलं, आणि आज सकाळपर्यंत पुढचं दार उघडलं नाही," किल्लीबाई म्हणाल्या.

"नाही. पहारेकरी दिवसभर दारातच बसून होते, मी स्वतः पाहिलं. तेच तर मी म्हणतोय. त्यांच्याशिवाय कोण?"

"एक नंबरला तुम्ही कधी गेला आहात?"

साधा प्रश्न होता, पण इंजिनिअरचा घास हातातच राहिला. "गेलोय. कामासाठी."

"कसलं काम?"

"काँक्रीटची तपासणी. पण त्याबद्दल बोलू नका, असं मला सांगितलंय."

"कुणी?"

त्यानं साहेबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

मला अहवालावर साहेबांची सही घ्यायची होती, म्हणून तेवढ्यात मी त्यांच्या खोलीत जाऊन आले. "शेवटचं पान कोरं ठेवलंय ना?" त्यांनी विचारलं. आठवडाभर ते हेच विचारत होते. "त्या पानावरची गोष्ट मी संध्याकाळी स्वतः जाहीर करणार आहे." मी हो म्हणाले आणि बाहेर पडताना सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. फायलींचं कपाट जरा तिरकं उभं होतं. खालच्या फरशीवर पांढरा ओरखडा होता. आणि कपाटावर कापडात गुंडाळलेली, हातभर उंच अशी एक वस्तू होती.

मी किल्लीबाईंना हे सगळं सांगतच होते, तेवढ्यात सफाईच्या बाई धापा टाकत आल्या.

"सापडला! ठोकळा सापडला!"

"कुठे?"

त्यांनी खाली पाहिलं. "दादाच्या घरी. आईच्या उशाखाली."

५. उशाखालचा ठोकळा

एक नंबरच्या तळमजल्यावर बायाबापड्यांची गर्दी होती. साहेबांनी दोन कारकून झडतीला पाठवले होते. दादा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्या चौकटीवर आमच्या सगळ्यांच्या उंचीच्या रेघा आहेत. माझी सगळ्यात खाली.

"बारके, शपथ घेऊन सांगतो, हा इथे कसा आला मला माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे घरात चालत आला?" एक कारकून म्हणाला.

खाटेवर मावशी बसली होती. दादाच्या आईला आम्ही सगळी मुलं मावशी म्हणायचो. आमच्या आया कामावर असायच्या तेव्हा हिच्या दारात आमचं अर्धं बालपण गेलं. आता ती वाळून काडी झाली होती. ठोकळा तिनं पोटाशी धरला होता आणि कारकुनाच्या हाती द्यायला तयार नव्हती.

"माझा आहे," एवढंच ती म्हणत होती. "मला दिलाय. माझा आहे."

"कुणी दिला, आई?" दादानं विचारलं.

मावशीनं मुलाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. काही केल्या बोलेना.

झालं. आता आणखी काय पुरावा हवा होता? मुलानं चोरला, आई त्याला वाचवतेय. कारकून साहेबांना सांगायला निघाले. शेजारच्या बायका डोळे पुसायला लागल्या. दादा चोरी करणार नाही हे मला माहीत होतं, पण माझ्या माहीत असण्याला कोण विचारतो?

किल्लीबाई मात्र एकदम ताज्यातवान्या दिसत होत्या. त्यांनी दादाला हातानं बाजूला केलं. "बाहेर थांब. तू असताना ती बोलणार नाही."

"का?"

"कारण ती तुला नाही वाचवत. तुझ्यापासून लपवतेय." आणि त्यांनी दार लावून घेतलं. आत आम्ही तिघीच राहिलो.

६. मावशी

किल्लीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. "ओळखलंत का मला?"

मावशीनं न्याहाळून पाहिलं. "किल्लीबाई. तुम्ही आम्हाला किल्ली दिलीत. दोन्ही हातांनी. ह्यांना कुणी काही दोन्ही हातांनी दिलेलं ते पहिल्यांदाच. घरी येईपर्यंत ह्यांनी मूठ उघडली नाही."

"आठवतं मला." किल्लीबाईंनी ठोकळ्यावर हात ठेवला. "हा काल दुपारी सुतारानं आणून दिला ना?"

मावशीचे डोळे भरून आले. "पोराला सांगू नका. त्याला वाटतं मला काही कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

"आपली इमारत चाललीय ते. सुतार आला, पाया पडला, म्हणाला, आता निरोप घ्यायची वेळ आली, तुमचं सगळ्यात जुनं बिऱ्हाड, हा तुमचा. मी म्हटलं, मला तर कुणी काहीच बोललं नाही. तो म्हणाला, असं कसं, मंडळानं सांगितलंच असेल, मुलाला माहीत असेल. मग मला उमगलं. मी आजारी, म्हणून पोरानं माझ्यापासून लपवलंय. मी पण ठरवलं, आपणही दाखवायचं नाही. त्याच्या जिवाला आणखी घोर कशाला?"

दाराबाहेर दादा येरझारा घालत होता, त्याच्या चपलांचा आवाज येत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई मुलाला जपत होती, मुलगा आईपायी कासावीस झाला होता, आणि दोघांच्या मध्ये हा लाकडाचा तुकडा. मी तोंड वळवून खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाई," मावशीनं किल्लीबाईंचा हात धरला, "आम्ही कुठे जायचं हो? म्हणजे, सांगितलं तर जाऊ. पण कुठे ते तरी सांगा."

किल्लीबाई उठल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कुठेही जायचं नाही. आधी हॉलमध्ये जायचं. बारके, चाकांची खुर्ची आण. आणि सुतारकाकांना फोन लाव."

"ते फोनवर नाहीत," मी लावून पाहून म्हणाले. "मुलगी म्हणते, हत्यारांची पिशवी घेऊन ते मघाशीच मंडळाकडे निघाले. साहेबांनी बोलावलंय म्हणे."

"बोलावणारच. नवा ठोकळा बसवायचा राहिलाय ना?"

७. दोन्ही हातांनी

पाहुणे यायला थोडा वेळ होता. हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. साहेब, इंजिनिअर, कारकून, दादा, आणि चाकांच्या खुर्चीत ठोकळा धरून मावशी. एक नंबरची निम्मी माणसंही मागोमाग आली होती. त्यांना अडवणार कोण? पहारेकऱ्याची किल्ली तर साहेबांच्या खिशात.

"ठोकळा मिळाला, चांगलं झालं," साहेब म्हणाले. "बाकीचं उद्या बघू."

"उद्या नाही," किल्लीबाई म्हणाल्या. "साहेब, जिथून ठोकळा काढला तिथलं भोक बुजवलेलं आहे, हे तुम्ही पाहिलंत?"

साहेबांनी पुन्हा रुमाल काढला.

"मंडळाची एक जुनी रीत आहे. ती दोनदाच पाळायची वेळ आली, म्हणून नव्यांना ठाऊक नाही. कालव्याजवळच्या पत्र्याच्या खोल्या पाडल्या तेव्हा आम्ही आधी माणसांना सांगितलं, त्यांची दुसरीकडे सोय केली. मग सुतारानं ठोकळा काढला, भोकाला बूच मारलं, आणि ठोकळा तिथल्या सगळ्यात जुन्या बिऱ्हाडाला नेऊन दिला. काल कुणीतरी एक नंबरसाठी तेच केलं. चोर असं करत नाही. सुतार करतो. टेबलाला झडप आहे हेही त्यालाच माहीत."

"पण तो आत आला कुठून?" इंजिनिअरनं विचारलं. "पुढचं दार तर..."

"पुढच्या दारात पहारेकरी होता, तुम्हीच सांगितलंत. मग राहिलं मागचं. त्याची कडी साहेबांच्या बाजूनं, आणि त्याच्यासमोरचं कपाट काल सरकवलंय. फरशीवर ओरखडा ताजा आहे. साहेबांनी सुताराला आपल्या खोलीतून आत घेतलं. कशाला? साहेब, तुमच्या कपाटावर कापडात काय आहे ते आणू का मी?"

साहेबांनी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, कळलं नाही. मी जाऊन आणलं. कापड सोडलं तर आत पांढऱ्या लाकडाची उंच इमारत, एक नंबरच्या चारपट. तळाला खुंटी.

मागची माणसं बघायला पुढे सरकली.

"हे ते कोरं पान," किल्लीबाई मला म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "एक नंबर पाडायची आणि तिच्या जागी हा मनोरा. त्यातली सगळी घरं यंदाची नवी प्रगती म्हणून मोजायची. पाडलेली वजा करायची नाहीत. आणि जे राहतात त्यांना हे इथे, भाषणात, टाळ्यांच्या आवाजात कळणार."

साहेब खुर्चीत बसले. एकाएकी ते मला थकलेले वाटले. "इमारत खरंच जुनी झालीय, बाई. इंजिनिअरला विचारा. आणि वरून सारखी विचारणा असते, यंदा किती, यंदा किती. जमीन कुठे उरलीय? मी सगळ्यांना घरं देणारच होतो. उद्या जाऊन सांगणारही होतो."

"तुम्ही उद्या सांगणार होता. सुतारानं काल सांगितलं."

तेवढ्यात दारातून सुतारकाका आत आले, खांद्याला पिशवी, कानामागे पेन्सिल. इतकी माणसं बघून ते बिचकले. "उशीर झाला का? नव्याचं भोक पाडायचंय."

"काका, जुना ठोकळा काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?" किल्लीबाईंनी विचारलं.

"सांगायला कशाला लागतं? साहेबांनी नव्याची जागा दाखवली, टेबल एकदा पुसून ठेवा म्हणाले आणि मीटिंगला गेले. नवा बसायच्या आधी जुना माणसांच्या हातात गेला पाहिजे, ही तर आपली..." त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "ह्यांना सांगितलं नव्हतं?"

दादानं नकारार्थी मान हलवली.

"आपलं मंडळ न सांगता पाडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो," सुतारकाका म्हणाले आणि मावशीसमोर हात जोडून उभे राहिले. त्यांची चूक ती एवढीच.

मला वाटतं, साहेबांना सगळ्यात जास्त तेच लागलं. किल्लीबाईंचं शेवटचं बोलणं तर त्यांनी मान खाली घालूनच ऐकलं. "सकाळी रिकामी जागा पाहिलीत तेव्हाच तुम्हाला कळलं, हे सुताराचं काम. एक शब्द बोलला असता तर घोषणा आधीच फुटली असती. म्हणून तुम्ही गप्प बसलात आणि किल्ली मागून घेतलीत."

"हो," साहेब म्हणाले.

पाहुणे दारात येऊन थांबले होते. मावशीनं खुर्चीची चाकं स्वतः ढकलायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा दादानं तिला साहेबांसमोर नेलं. तिनं ठोकळा मांडीवर सरळ ठेवला.

"साहेब, आमचं घर आहे का अजून?"

साहेब उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आहे. आणि जेव्हा जायची वेळ येईल तेव्हा आधी तुम्हाला सांगेन. कुठे जायचं ते दाखवेन. तुम्ही बघून हो म्हणाल, मगच."

"मग हे ठेवा परत," मावशी म्हणाली.

सुतारकाका टेबलाखाली शिरले, झडपेतून वर आले, बूच पोखरून काढलं. भुसा फुंकला. मावशीनं ठोकळा माझ्याकडे दिला, मी ओणवून काकांकडे दिला, त्यांनी तो भोकात बसवून अंगठ्यानं दाबला. काळपट, कोपरे झिजलेला, आमच्या दाराच्या लाकडाचा. इंजिनिअरनं फोन काढून त्याचा फोटो घेतला आणि पडद्याबद्दल त्या दिवशी काही बोलला नाही.

कार्यक्रम झाला. साहेबांनी यंदा खरोखर पुऱ्या झालेल्या घरांचाच आकडा वाचला. लहानसाच होता, टाळ्याही बेताच्या पडल्या. अहवालाचं शेवटचं पान कोरं राहिलं. ते तसंच छापलेलं आहे, कुणाला बघायचं असेल तर. एक नंबरची माणसं घरी गेली. जाताना प्रत्येकानं टेबलाच्या मधोमध एकदा बघून घेतलं. मीही.

शेवटी हॉलमध्ये थोडेच उरलो. साहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि दादापुढे धरली.

किल्लीबाई खोकल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दुसरा हात वर आणून किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली. "चुकलं माझं," ते म्हणाले.

दादानं किल्ली घेतली आणि मूठ मिटली. मग म्हणाला, "साहेब, बाहेर चला. कुलूप लावायचंय."